अस्वल, माणूस आणि सहअस्तित्वाची किंमत

वन्यजीव संरक्षण हा प्रामुख्याने करुणेचा विषय मानला जातो. तो तसा आहेच. परंतु तो तितकाच अर्थशास्त्राचाही विषय आहे. जंगलाचा आणि त्यातील प्राण्यांचा लाभ संपूर्ण समाजाला मिळतो. पीक, पशुधन आणि प्रसंगी जीव गमावण्याचा भार मात्र जंगलालगतच्या मोजक्या कुटुंबांवर पडतो. लाभ विखुरलेला आणि भार एकवटलेला, अशा या विषम रचनेतूनच मानव-वन्यजीव संघर्ष तीव्र होतो. कर्नाटकातील म्हैसूर परिसराच्या संदर्भात अस्वलाचे उदाहरण घेतल्यास हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो.

म्हैसूरचा वारसा

१९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत बंदीपूरचा समावेश होता. त्या वेळी म्हैसूर जिल्ह्यात असलेले हे क्षेत्र १९९७ च्या विभाजनानंतर चामराजनगर जिल्ह्यात गेले. नागरहोळे व्याघ्र प्रकल्प म्हैसूर आणि कोडगू जिल्ह्यांत पसरला आहे. या वनांत वाघ, हत्ती, बिबट्या व गवा यांच्याबरोबर अस्वलही आढळते. म्हैसूर शहरातील श्री चामराजेंद्र प्राणिसंग्रहालय १८९२ पासूनचे आहे. शहराजवळील कूरगळ्ळी येथे या संस्थेचे बचाव व पुनर्वसन केंद्र असून सर्कशीतून सोडविलेल्या प्राण्यांनाही तेथे आश्रय मिळाला. प्राणी केवळ प्रदर्शनासाठी ठेवण्यापासून त्यांना आश्रय देण्यापर्यंतचा हा प्रवास आहे.

दरवेशी आणि अस्वल

गावोगावी अस्वल नाचविणारा दरवेशी महाराष्ट्रालाही परिचित होता. अस्वलाच्या केसांचा ताईत मुलांच्या गळ्यात बांधण्याची समजूतही रूढ होती. या खेळामागील क्रौर्य मात्र प्रेक्षकांना दिसत नसे. पिल्लू मिळविण्यासाठी अनेकदा मादीला ठार केले जाई. पिल्लाच्या नाकातोंडाला तापलेल्या सळईने भोक पाडून त्यात दोर ओवला जाई आणि दात पाडले जात.

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार अस्वल पकडणे गुन्हा ठरला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याखाली १९९८ मध्ये निघालेल्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आली. ती सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायम ठेवली. तरीही केवळ बंदीने प्रथा थांबली नाही, कारण कलंदर समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका तीवर अवलंबून होती. स्वयंसेवी संस्था व राज्यांच्या वन विभागांनी अस्वल स्वाधीन करणाऱ्या कुटुंबांना पर्यायी व्यवसायासाठी साहाय्य आणि मुलांना शिक्षण देण्याचा कार्यक्रम राबविला. आग्रा, भोपाळ, पुरुलिया आणि बंगळूरूजवळील बन्नेरघट्टा येथील केंद्रांत मिळून ६०० हून अधिक अस्वले आणली गेली. डिसेंबर २००९ मध्ये अखेरच्या ज्ञात नाचणाऱ्या अस्वलाला बन्नेरघट्टा येथे मुक्त करण्यात आले. दंडाला पुनर्वसनाची जोड मिळाली, तेव्हाच कायदा प्रत्यक्षात उतरला.

मुक्त अस्वल आणि ग्रामस्थ

जंगलात मुक्तपणे वावरणाऱ्या अस्वलाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. वाळवी, मुंग्या, मध आणि फळे हा त्याचा आहार. फळांच्या बिया दूरवर पसरविल्याने जंगलाच्या पुनरुज्जीवनास मदत होते. त्याचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण, परंतु दृष्टी व श्रवणशक्ती तुलनेने मंद असते. माणूस अचानक जवळ आल्यास ते स्वसंरक्षणार्थ हल्ला करते. पिल्ले पाठीवर घेऊन फिरणारी मादी विशेष आक्रमक असते. मध्य भारतात, विदर्भासह, मोहफुले किंवा तेंदूपाने वेचण्यासाठी पहाटे जंगलात जाणाऱ्यांना याचा धोका असतो. गटाने जाणे, बोलत किंवा आवाज करीत चालणे आणि झुडपांतील वाटा मोकळ्या ठेवणे, हे साधे उपाय येथे उपयुक्त ठरतात.

अस्वल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कलम ११ नुसार ते मानवी जीवितास धोकादायक ठरल्याची आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे शक्य नसल्याची मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाल्यावरच ठार करण्याची परवानगी देता येते. म्हणजेच ठार करणे हा अखेरचा उपाय आहे.

भरपाई : हक्क आणि अडथळे

संघर्षाची भरपाई ही दया नसून समाजाने उचललेला आपला वाटा आहे. केंद्र पुरस्कृत योजनांखाली मानवी मृत्यूसाठीचे साहाय्य डिसेंबर २०२३ मध्ये ५ लाखांवरून १० लाख रुपये करण्यात आले. मात्र रकमेइतकीच प्रक्रिया महत्त्वाची असते. पंचनामा, छायाचित्रे, जमिनीची कागदपत्रे आणि कार्यालयात हेलपाटे यांत लहान शेतकऱ्याची मजुरी बुडते. अर्थशास्त्रात याला व्यवहार खर्च म्हणतात. हा खर्च मिळणाऱ्या भरपाईपेक्षा मोठा झाला, की दावाच दाखल होत नाही आणि नुकसान सरकारी आकडेवारीतही उमटत नाही.

बंदीपूर व नागरहोळेभोवतीच्या गावांत सेंटर फॉर वाइल्डलाइफ स्टडीज या संस्थेने २०१५ मध्ये ‘वाइल्ड सेवे’ हा उपक्रम सुरू केला. निःशुल्क दूरध्वनीवर नुकसान कळविल्यास कार्यकर्ता घटनास्थळी येतो, नोंद करतो आणि वन विभागाकडे दावा दाखल करण्यास मदत करतो. भरपाई शासनच देते. उपक्रमामुळे ती मिळविण्याची वाट सुकर होते.

समारोप

४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये दोन तरतुदी समाविष्ट केल्या. अनुच्छेद ४८क नुसार वने व वन्यजीवांचे रक्षण हे राज्याचे धोरण आहे. अनुच्छेद ५१क (छ) नुसार सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. या दोन तरतुदींचा एकत्रित विचार व्हावयास हवा. कलंदर कुटुंबाला पर्यायी रोजगार मिळाला, तेव्हा अस्वलाच्या नाकातील दोर सुटला. त्याचप्रमाणे जंगलालगतच्या शेतकऱ्याला वेळेवर भरपाई व सुरक्षितता मिळाली, तरच मुक्त अस्वलाला त्याच्या शेजारी जागा मिळेल. वन्यजीवांविषयीची करुणा टिकवावयाची असेल, तर तिचा खर्च दुर्बलांवर न टाकता सर्वांनी वाटून घेणे आवश्यक आहे.