लॅपटॉपचा स्क्रीन काळा पडला तर?

लॅपटॉपचे बटण दाबले, दिवा लागला, पंख्याचा आवाजही आला. पण स्क्रीन मात्र काळाच राहिला, असा प्रसंग अनेकांवर येतो. मग ‘स्क्रीन गेला’ असे गृहीत धरून लॅपटॉप तडक दुरुस्तीच्या दुकानात नेला जातो. नव्या स्क्रीनचा खर्च काही हजारांच्या घरात जातो आणि आतील फोटो व कागदपत्रांची काळजी असते ती वेगळीच. प्रत्यक्षात काळ्या स्क्रीनचा दोष दरवेळी स्क्रीनमध्येच असतो असे नाही. तो नेमका कोठे आहे, याचा बराचसा अंदाज घरच्या घरी बांधता येतो.

चित्र दिसते कसे?

स्क्रीनवर दिसणारे चित्र मदरबोर्डवरील ग्राफिक्स चिप तयार करते. बिजागरीतून गेलेली बारीक केबल ते पॅनेलपर्यंत पोहोचवते. बहुतेक लॅपटॉपमध्ये हे पॅनेल एलसीडी प्रकारचे असते आणि त्याला स्वतःचा प्रकाश नसतो. तो मागील बॅकलाइटकडून मिळतो. जुन्या लॅपटॉपमध्ये यासाठी बारीक नळीचा दिवा आणि त्याला उच्च दाबाची वीज पुरवणारा इन्व्हर्टर असे. पुढे त्यांची जागा एलईडीने घेतली. चिप, केबल, पॅनेल आणि बॅकलाइट यांपैकी एक जरी निकामी झाले, तरी स्क्रीन अंधारतो.

सोपे उपाय आधी

सर्वप्रथम ब्राइटनेस वाढवून पाहावा. विंडोज १० किंवा ११ असल्यास विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबाव्यात. त्यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. एवढ्याने काम न झाल्यास लॅपटॉप बंद करून चार्जर आणि जोडलेली सर्व उपकरणे काढावीत. बॅटरी काढता येण्याजोगी असेल, तर तीही काढावी. मग पॉवर बटण सुमारे ३० सेकंद दाबून ठेवावे आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. अर्थात, या उपायात जतन न केलेले काम नष्ट होते.

दोन निर्णायक चाचण्या

यानंतर खोलीत अंधार करून सुरू असलेल्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर तिरका टॉर्च मारावा. पुसटसे चित्र दिसले, तर पॅनेल काम करत आहे. बिघाड बॅकलाइटमध्ये किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात आहे.

दुसरी चाचणी अधिक महत्त्वाची. एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला किंवा मॉनिटरला जोडावा. तेथे स्वच्छ चित्र आले, तर चिप आणि मदरबोर्ड बहुधा ठीक आहेत. दोष केबल, पॅनेल किंवा बॅकलाइटमध्ये शोधावा. याच वेळी सर्व महत्त्वाच्या फाइल बाहेरील डिस्कवर उतरवून घ्याव्यात. दुरुस्ती नंतरही होऊ शकते; गेलेली माहिती परत मिळेलच असे नाही. बाहेरील मॉनिटरही कोराच राहिला, तर रॅम, ग्राफिक्स चिप किंवा मदरबोर्डचा संशय घ्यावा लागतो. अशा वेळी नवा स्क्रीन बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

रेषा आणि लुकलुक

झाकण पुढे-मागे करताना चित्र लुकलुकत असेल, तर बिजागरीतील केबल झिजल्याची किंवा सैल झाल्याची शक्यता मोठी असते. चित्र सतत थरथरत असल्यास टास्क मॅनेजर उघडून पाहावा. तोही थरथरत असेल, तर ड्रायव्हर तपासावा. तो स्थिर असेल, तर एखादे सॉफ्टवेअर कारणीभूत असावे. उभ्या रेषा विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या बायोसच्या पानावरही दिसत असतील, तर दोष यंत्रातलाच असतो. काच तडकली असेल किंवा शाईसारखा डाग पसरत असेल, तर पॅनेल बदलण्यास पर्याय नाही.

मोठ्या कंपन्यांची उत्पादनेही यातून सुटलेली नाहीत. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील सदोष ग्राफिक्स चिपच्या खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. अ‍ॅपलने २०१९ मध्ये २०१६च्या १३ इंची मॅकबुक प्रोच्या काही लॅपटॉपसाठी बॅकलाइटची मोफत दुरुस्ती सुरू केली. म्हणूनच स्वतः खर्च करण्यापूर्वी वॉरंटी आणि कंपनीची अशी एखादी योजना पाहणे हिताचे ठरते.

दुकानात जाताना

लॅपटॉपवर पाणी सांडले असेल, तर यांपैकी एकही चाचणी करू नये. चार्जर काढून, यंत्र बंद ठेवून ते थेट तंत्रज्ञाकडे न्यावे. इतर वेळी केवळ ‘स्क्रीन गेला’ असे न सांगता, टॉर्चच्या प्रकाशात काय दिसले आणि बाहेरील मॉनिटरवर चित्र आले की नाही, हे तंत्रज्ञाला सांगावे. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि बदललेला भाग परत मागावा. केबल बदलून भागणार असेल, तर अख्ख्या स्क्रीनचे पैसे मोजण्याची गरज नाही.