गाडी टायर आतून का खाते?

ऑगस्ट २०११. बेल्जियममधल्या स्पा-फ्राँकोर्शां ट्रॅकवर फॉर्म्युला वन शर्यतीची शनिवारची पात्रता फेरी संपली आणि रेड बुल संघाच्या गॅरेजमध्ये चिंता पसरली. सेबास्टियन फेटेलने पहिला क्रमांक पटकावला होता, पण त्याच्या आणि मार्क वेबरच्या गाडीच्या पुढच्या टायरांवर आतल्या कडेला फोड आले होते. टायर पुरवणाऱ्या पिरेलीने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे संघाने चाकं आत झुकवली होती. त्या वेळच्या नियमानुसार पहिल्या दहा जणांना पात्रता फेरीत वापरलेल्या टायरांवरच शर्यत सुरू करावी लागे. चाकांचा कोन बदलायचा, तर मिळवलेली जागा सोडून पिट लेनमधून निघावं लागलं असतं. संघाने जोखीम घेतली, दोघांनाही पहिल्या काही फेऱ्यांतच आत बोलावून टायर बदलले आणि शर्यत काढली. फेटेल पहिला आला, वेबर दुसरा.

रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारचं दुखणं हेच असतं. ट्रॅकवर ते एका दुपारी उघडं पडतं, रस्त्यावर त्याला काही हजार किलोमीटर लागतात.

मूळ आहे कॅम्बरमध्ये. गाडीकडे समोरून पाहिलं, तर चाक अगदी उभं आहे की कललेलं, हे कॅम्बर सांगतो. चाकाची वरची बाजू गाडीकडे झुकलेली असेल, तर तो निगेटिव्ह कॅम्बर. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते, तिच्याबरोबर बाहेरचं चाकही कलतं आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहू पाहतो. चाक आधीच थोडं आत झुकवून ठेवलं असेल, तर ऐन वळणात टायरची जवळजवळ पूर्ण रुंदी रस्त्याला टेकते. म्हणून वेगवान गाड्यांना कंपनीतूनच एक-दीड अंश, कधी त्याहून जास्त निगेटिव्ह कॅम्बर दिलेला असतो. त्याची किंमत सरळ रस्त्यावर मोजावी लागते, कारण तिथे भार आतल्या कडेवर जातो. हीच गाडी ट्रॅकवर सतत वळणांत पळवली आणि कॅम्बर अपुरा असला, तर झीज नेमकी उलटी, म्हणजे बाहेरच्या कडेला दिसते.

इथपर्यंतचं बहुतेक शौकिनांना ठाऊक असतं. मग आतली कड झिजलेली दिसली की सगळा दोष कॅम्बरच्या माथी मारला जातो. पण टायर झपाट्याने खाणारा बहुधा दुसराच असतो: टो. गाडीकडे वरून पाहिलं तर एका जोडीची दोन्ही चाकं पुढच्या टोकाला जवळ येतात की फाकतात, ते टो दाखवतो. जवळ आली तर टो-इन, फाकली तर टो-आउट. कॅम्बरमुळे भार एका कडेवर जातो, तर टो चुकला की टायर लोळता लोळता आडवा घासला जातो. चाकाची दिशा आणि गाडीची दिशा यांत फक्त ०.२ अंशांचा फरक धरला, तरी हिशेबाने दर किलोमीटरला साधारण साडेतीन मीटर आडवं घासणं होतं. दहा हजार किलोमीटरमध्ये ते पस्तीस किलोमीटर भरतं! कॅम्बरने भार आतल्या कडेवर आणून ठेवलेला असतो, त्यामुळे हे सगळं घासणंही तिथेच होतं. टो-इनमुळे बाहेरची कड झिजते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. निगेटिव्ह कॅम्बर भरपूर असलेल्या गाडीत मात्र टो-इन जास्त झाला तरी आतलीच कड जाऊ शकते.

होंडाची एस २००० ही याचं उत्तम उदाहरण आहे. १९९९ ते २००९ या काळात बनलेली ही दोन आसनी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी. सुरुवातीच्या दोन लिटर इंजिनाची लाल रेषा ९,००० आरपीएमवर. पहिल्या गाड्यांना पुढे २०५ आणि मागे २२५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते, त्यामुळे पुढचे मागे आणि मागचे पुढे करून झीज वाटून घेण्याची सोय नव्हती. मागचं सस्पेन्शन असं, की ते दबलं की चाकांचा टो-इन वाढायचा आणि भार हलका झाला की कमी व्हायचा. वळणाच्या मधोमध अॅक्सिलरेटर एकदम सोडला तर गाडीचं मागचं अंग का निसटू पाहायचं, त्यामागे हेही एक कारण होतं. २००४च्या सुधारणेत होंडाने सस्पेन्शनची रचना बदलून हा फरक कमी केला.

आता अशा जुन्या गाडीला छोट्या स्प्रिंगा बसवून ती खाली आणली, तर काय होईल? सस्पेन्शन कायमचं दबलेल्या अवस्थेत राहतं. कॅम्बर वाढतो, टो-इनही वाढतो आणि मागचा टायर आतून तारा दिसेपर्यंत जातो, तर बाहेरून तोच टायर छान नक्षीदार दिसत असतो. हे कोन पुन्हा जुळवणंही नेहमी सोपं नसतं. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथल्या अनेक एस २०००मध्ये कोन बदलण्याचे बोल्ट गंजून सस्पेन्शनच्या सांध्यांमधल्या रबरी बुशमध्येच अडकतात, आणि ते कापून काढल्याशिवाय अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळवणी, होतच नाही.

टोची झीज हाताला कळते. टायरवरून तळहात आडवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचत असेल, तर टो बिघडलेला आहे. दोन्ही कडा सारख्या झिजल्या असतील तर हवा कमी, मधला पट्टा गेला असेल तर हवा जास्त. जागोजागी खोलगट चट्टे पडले असतील, तर आधी शॉक अॅब्सॉर्बर तपासावेत.

वर्कशॉपमध्ये अलाइनमेंट मशीनच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे झाले की काम झालं असं समजतात. हे पटण्यासारखं नाही. हिरवा रंग म्हणजे आकडा कंपनीच्या मर्यादेत आहे, एवढंच. डावीकडे उणे एक आणि उजवीकडे उणे दोन अंश कॅम्बर असला, तरी रुंद मर्यादेत दोन्ही हिरवे दिसू शकतात. गाडी मात्र डावीकडे ओढेल. म्हणून आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची छापील प्रत मागून घ्यावी आणि डावं-उजवं ताडून पाहावं. काम मागच्या चाकांपासून सुरू व्हायला हवं, कारण गाडी कोणत्या दिशेने ढकलली जाते ते मागची चाकं ठरवतात. कॅम्बर आधी, टो शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. बीएमडब्ल्यूसारख्या कंपन्या तर आसनांवर ठरावीक वजन ठेवून आणि टाकी भरूनच मोजमाप घ्यायला सांगतात. शिवाय मशीन मोजतं ते उभ्या गाडीला. बुश सैल असेल, तर जोरात ब्रेक लावल्यावर किंवा पिकअप घेताना चाक वळतं आणि उभ्या गाडीत जुळवलेला टो रस्त्यावर टिकत नाही.

महाराष्ट्रात हा विषय शौकिनांपुरता उरलेला नाही. २०२३ मध्ये परिवहन विभागाने गुळगुळीत टायरांच्या गाड्यांना समृद्धी महामार्गावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली. पण आतली कड बाहेर उभं राहून दिसत नाही. पुढचं चाक स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहता येतं, मागच्यासाठी वाकावंच लागतं. लो-प्रोफाइल टायरची गाडी खड्ड्यात जोरात आपटली असेल, तर दुसऱ्या दिवशी एक्स्प्रेसवेवर निघण्याआधी हे पाहिलंच पाहिजे.

खोली मोजायचा गेज स्वस्तात मिळतो. आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजून आकडे किलोमीटरसह लिहून ठेवावेत. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे आणि ती लागू करायची सगळ्यात झिजलेल्या ठिकाणी. नवे टायर घातल्यावर हजारेक किलोमीटरनी पुन्हा मोजावं. आत आणि बाहेर यांतला फरक तेवढ्यातच दिसू लागला, तर गाडी परत मशीनवर न्यावी आणि आधी बुश तपासायला सांगावेत.