‘सर’पासून ‘अश्विन’पर्यंत : एका शब्दावर संशोधन कसं करायचं?

चित्रपटावर संशोधन करायचं ठरलं की पहिल्या प्रस्तावात एक वाक्य हमखास येतं: ‘प्रेम सगळ्या भिंती ओलांडतं.’ माझ्याही प्रस्तावात होतं. गाइडनी एवढंच विचारलं, “हे चुकीचं ठरवायचं तर चित्रपटात काय बघायचं?” मी गप्प. ज्याचं उत्तर चुकूच शकत नाही, तो संशोधनाचा प्रश्न नव्हे.

उदाहरण घेऊ: रोहेना गेरा यांचा ‘सर’, २०१८च्या कान महोत्सवात क्रिटिक्स वीकमध्ये दाखवलेला. (पुढे शेवट सांगतोय. चित्रपट पाहायचा असेल तर आधी पाहा!) मुंबईतल्या फ्लॅटमध्ये श्रीमंत घरातला अश्विन आणि त्याच्याकडेच राहून घरकाम करणारी, खेड्यातून आलेली तरुण विधवा रत्ना. दोघं एकमेकांत गुंततात.

न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या कॅसाव्हेट्स यांच्या ‘शॅडोज’मध्ये (१९५९) गोऱ्या टोनीला लेलियाचा वंश उशिरा कळतो, तो धक्काच कथेचा कणा. इथे मात्र अंतर पहिल्यापासून दोघांना ठाऊक आहे. मग ते मोजायचं कसं?

संबोधनावरून. ब्राउन आणि गिलमन यांनी १९६०मध्ये मांडलं की संबोधन एकतर्फी असेल तर तिथे सत्ता असते, दुतर्फी असेल तर जवळीक. तो तिला ‘रत्ना’ म्हणतो, ती त्याला ‘सर’. तो शिवणयंत्र भेट देतो, तरी ‘सर’. ‘अश्विन’ हा शब्द येतो थेट शेवटी, फोनवर.

आता खरा प्रश्न: हा बदल प्रेमामुळे झाला की नोकरी सुटल्यामुळे? प्रेमामुळे झाला असता तर तिने त्या घरातच कधीतरी नाव घेतलं असतं. पण तोवर तिने घर सोडलंय आणि फॅशनच्या क्षेत्रात काम मिळवलंय. म्हणजे भिंत ओलांडली ती आधी पगाराच्या नात्यातून बाहेर पडल्यावर. हा दावा तुम्ही प्रसंग दाखवून खोडू शकता, म्हणूनच तो दावा आहे.

एक सावधगिरी. शब्द एकटा पुरावा नसतो. आंबीहून तळेगावच्या सोसायट्यांत कामाला जाणाऱ्या बाईंना आपण ‘मावशी’ म्हणतो. नातं जवळचं, पण चहाचा कप वेगळा. म्हणून शब्दासोबत कोण कुठे बसतं, कुठे जेवतं, हेही नोंदवा.

आज एवढंच करा: आवडत्या चित्रपटातली संबोधनं वहीत उतरवा, कोण कोणाला आणि कधी. प्रश्न तिथूनच निघेल.