देवाचा दरबार
देवाचा दरबार हा मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेला ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ होय. हा महाराष्ट्रातील उल्लेखनीय प्रयत्न मानला जातो.

चर्चमध्ये प्रवेशासाठी बाप्तिस्मा आवश्यक असतो. मात्र हिंदू समाजात तो घेणाऱ्याचे घरदार तुटत असे. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पत्नी लक्ष्मीबाईंशी त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. दरबारात त्यांनी बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान दिले. १९१७ मध्येच त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडली. ख्रिस्तनिष्ठा हाच दरबाराचा पाया राहिला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानत.