गटात बारावी बाई

चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या दर्शनाला लाखो माणसे येरमाळ्यात उतरतात. यात्रेत कोण कुठला, कुणाच्या घरचा, याची चौकशी होत नाही. पण धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातल्या याच गावात काय किंवा आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर काय, अकरा बायकांच्या बचत गटात बाराव्या बाईला यायचे असेल, तर तिच्याविषयी बरीच विचारपूस होते. आणि ती व्हायलाच हवी.

कारण गटाचे सगळे कर्ज एकमेकींच्या विश्वासावर चालते. सोने गहाण नाही, सातबाऱ्यावर बोजा नाही. 10 लाखांपर्यंतच्या गटकर्जाला बँकेनेही तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एकीने हप्ता थकवला की गटाची पत घसरते आणि दुसरीच्या मुलीच्या फीसाठी मागितलेले कर्ज लांबते.

सर्वसाधारणपणे गटात 10 ते 20 बायका असतात. वीसचा आकडा जुन्या कंपनी कायद्यातून आला. नफ्यासाठी एकत्र आलेली माणसे वीसपेक्षा जास्त झाली की नोंदणी सक्तीची होती. गट नोंदणीविना, सुटसुटीत राहावेत म्हणून त्यांनी ती मर्यादा पाळली. एका घरातून एकच बाई, हाही प्रचलित नियम. एका घरात दोन कर्जे गेली आणि त्या घरावर संकट आले, तर दोन्ही हप्ते एकदम थांबतात.

नाव सुचवते ती बहुधा गटातलीच कुणीतरी. बैठकीत सतरंजीवर गोल बसून आधी बचत गोळा होते, हप्ते जमा होतात आणि मग नव्या नावावर बोलणे सुरू होते. ती दुसऱ्या एखाद्या गटात आहे का? तिथे काही थकले आहे का? महिन्याला शंभर रुपये तिला झेपतील का? बैठकीला ती स्वतः येईल, की पैसे पोराच्या हाती पाठवील? होकार मिळाला की इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहिला जातो आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे येतात.

खरा पेच असतो मागच्या बचतीचा. समजा, अकरा जणी पाच वर्षे दरमहा 100 रुपये टाकत आल्या आहेत. प्रत्येकीचे 6,000 आणि गटाचे 66,000 रुपये झाले. अंतर्गत कर्जावरचे व्याज आणि दंड धरून गंगाजळी 88,000 वर गेली, म्हणजे एकेकीचा वाटा 8,000. आता बारावीला काही न भरता बरोबरीचा वाटा दिला, तर प्रत्येकीला साधारण 7,333 रुपयेच उरतात. जुन्या प्रत्येकीच्या पदरातून 667 रुपये गेले! म्हणून काही गट नवीला मागचा वाटा एकरकमी किंवा हप्त्याने भरायला सांगतात, काही तिचा हिशोब आल्या दिवसापासून वेगळा धरतात, तर काही आधीचे व्याज जुन्या सभासदांत वाटून टाकतात आणि मगच नवीला घेतात.

धाराशिव जिल्ह्यात बायकांच्या या आपसातल्या विश्वासाला एक इतिहास आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे जमीनदोस्त झाली. पुनर्बांधणीच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून पुढे आणले. घराच्या भिंतीविषयी अधिकाऱ्यांशी बोलता बोलता या बायका एकमेकींना ओळखू लागल्या, आणि पुढे बचतीचे कामही त्याच ओळखीवर उभे राहिले.

आज बचत गटांसाठीच्या राज्याच्या ‘उमेद’ अभियानात सभासदांची माहिती ‘लोकओएस’ या मोबाइल अॅपमध्ये भरली जाते. आधार क्रमांक, बँक खाते, बचत, कर्ज, सगळे ऑनलाइन. वही भिजण्या-हरवण्याची भीती त्यामुळे कमी झाली. पण कुणाला घ्यायचे, हे अॅप ठरवत नाही. सतरंजीवर झालेला निर्णय ते फक्त नोंदवते.

याच निवडीत एक अन्यायही होऊ शकतो. मराठवाड्यातली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. ‘चार-पाच महिने गावात नसणारी बाई बैठकीला कशी येणार?’ हा प्रश्न गैर नाही. तरीही मजुरीची आगाऊ उचल घेऊन कोयता धरणाऱ्या बाईलाच सावकाराच्या व्याजातून सुटण्याची सर्वांत जास्त गरज असते. अभियानाचा भर गरिबांतल्या गरीब घरांवर आहे. मग नियमिततेच्या नियमाने नेमके तेच घर बाहेर राहिले, तर गटाच्या शिस्तीचा उपयोग कुणाला?

यावर उपाय गटाच्या हातात आहेत. फडावरून मोबाइलने बचत पाठवायला परवानगी देता येते, गैरहजेरीचा दंड हंगामापुरता माफ करता येतो, हप्ता उचल मिळाल्यावर एकदम घेता येतो. मात्र हे सारे ठरावात लिहिलेले हवे, नाहीतर पाडव्यानंतर भांडण ठरलेलेच. आणि जुन्या गटाने घेतलेच नाही, तर ऊसतोडीच्या दहा जणी मिळून स्वतःचा गट काढू शकतात. त्यांच्या बैठकीचे वेळापत्रक कारखान्याच्या हंगामाप्रमाणे त्यांनीच ठरवावे, आणि गावात त्यांना भेटायला येणाऱ्या ‘उमेद’च्या ताईने त्यासाठी त्यांच्या पाठीशी उभे राहावे.