कैलास-मानसरोवरची सोडत: ऐकीव काय, खरं काय

सोडत म्हणजे काय, हे चाकूर तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ठिबकसाठी, ट्रॅक्टरसाठी महाडीबीटीवर अर्ज भरायचा आणि लॉटरीत नाव लागतंय का याची वाट बघायची, यात इथल्या शेतकऱ्यांची कितीतरी वर्षं गेली. ज्यांच्या घरात शाळेला घालायचं लेकरू आहे त्यांना आरटीईची सोडत माहीत आहे. त्यामुळं कैलास-मानसरोवर यात्रेलाही लॉटरी असते हे कानावर आलं, की माणूस जुन्या अनुभवावरून पुढचं सगळं मनातच ठरवून टाकतो. लाखांनी अर्ज येत असतील, ओळखीवाल्यांची नावं आधीच पक्की असतील, आपला नंबर कशाला लागतोय. परळीचा वैजनाथ आणि औंढ्याचा नागनाथ ज्यांना घरच्यासारखे, त्या मुलखात कैलासाची ओढ नाही असं कसं म्हणावं? ओढ आहे, पण अर्जच भरला जात नाही. आणि तो न भरण्यामागं ज्या समजुती आहेत त्यांतल्या बऱ्याचशा चुकीच्या आहेत.

आकड्यांपासून सुरुवात करू. करोना आणि नंतरचा सीमेवरचा तणाव यांमुळं २०२० पासून बंद असलेली ही यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी देशभरातून ५,५६१ जणांची ऑनलाइन नोंदणी पूर्ण झाली आणि त्यातून ७५० नावं निघाली. प्रत्येक तुकडीबरोबर जाणारे दोन संपर्क अधिकारी त्यातच धरलेले. म्हणजे साधारण साडेसात अर्जांमागं एक नाव. सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशात साडेपाच हजार अर्ज! एवढी संधी काही वाईट नाही. लाखोंच्या गर्दीत आपण हरवून जाऊ, ही भीती आकडे बघितले की उरत नाही.

वशिल्याचं बोलणं तर सर्रास चालतं. खासदाराचं पत्र लागतं, दिल्लीत कुणीतरी बसलेला असावा लागतो, वगैरे. ही यात्रा १९८१ पासून भारताचं परराष्ट्र मंत्रालय चालवतं. २०१५ पासून अर्ज भरण्यापासून नावं निघेपर्यंतचा सगळा व्यवहार संगणकावर गेला. पत्र, फॅक्स यांची गरजच उरली नाही. २०२५ ची सोडत २१ मे रोजी दिल्लीत परराष्ट्र राज्यमंत्र्यांच्या हस्ते झाली. लिपुलेख आणि नाथुला या यात्रेच्या दोन वाटांपैकी नाव कोणत्या वाटेसाठी आणि कोणत्या तुकडीत, हेही संगणकच ठरवतो आणि अर्जदाराला एसएमएस आणि ईमेलनं कळवलं जातं. तुकडी बदलून हवी असेल तर कारण देऊन विनंती करता येते, पण जागा असेल तरच, आणि शेवटचा शब्द मंत्रालयाचा. दोघांना एकत्र जायचं असेल, नवरा-बायको असोत की दोन मित्र, तर नोंदणी जोडीनं करण्याची सोय असते.

बायकांच्या बाबतीतला गैरसमज मला जास्त सलतो. 'बाईमाणसाला एकटीला पाठवत नाहीत' असं ठामपणे सांगणारी माणसं भेटतात. असा काहीही नियम नाही. उलट निवड स्त्री-पुरुष समतोल राखून केली जाते, असं मंत्रालयानं जाहीरपणे सांगितलं आहे. २०२५ च्या अर्जदारांत पुरुष होते ४,०२४ आणि बायका १,५३७. अर्जांत बायकांचा वाटा २८ टक्क्यांहूनही कमी आणि निवडीत समतोल राखायचा, याचा हिशेब कुणीही घालावा. आपल्या भागातली एखादी शिक्षिका, अंगणवाडी सेविका किंवा मुलं हाताशी आलेली गृहिणी यांच्या अर्जाला पुरुषाच्या अर्जापेक्षा जास्त वाव दिसतो. तिनं अर्ज भरायला हवा.

मग गाडी अडते कुठं? पासपोर्टवर. २०२५ मध्ये अर्ज मागवल्याची घोषणा २६ एप्रिलला झाली आणि शेवटची तारीख होती १३ मे. अडीच आठवडेसुद्धा मिळाले नाहीत. घोषणा ऐकून पासपोर्ट काढायला निघालेला माणूस पोलीस पडताळणी होईपर्यंत मुदतीच्या बाहेर गेलेला असतो. आणि पासपोर्ट नुसता असून भागत नाही, त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते. वय १ जानेवारीला १८ ते ७० च्या दरम्यान हवं. पासपोर्टसाठी आता मुंबई-पुणे गाठावं लागत नाही, लातूरला आणि नांदेडला पोस्टातच केंद्र आहे. तेवढं काम करून ठेवायला घोषणेची वाट बघण्याचं कारण नाही.

आता सोडतीत नाव लागलं असं धरू. गावात पेढे वाटले जातात, फलक लागतो, आणि इथंच सगळ्यात मोठा गैरसमज असतो: नाव लागलं म्हणजे गेलोच. तसं नसतं. निवड झालेल्यांची दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ट्रेडमिलवर चालवून हृदयाची चाचणी. तिथं पास झालेल्यांची वर डोंगरात पुन्हा तपासणी होते. लिपुलेखच्या वाटेवर गुंजीला, नाथुलाच्या वाटेवर शेराथांगला. या दुसऱ्या तपासणीत डॉक्टरांनी नाही म्हटलं तर तिथूनच परत फिरायचं आणि भरलेले पैसेही परत मिळत नाहीत. हे निर्दयपणाचं वाटेल, पण नाही. विरळ हवेत शरीर कसं वागतं हे दिल्लीत बसून कळत नाही.

पहिली अट बीएमआयची. तो २५ किंवा त्याहून कमी हवा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय मिळतो. हिशेब करून बघा. पाच फूट सहा इंच उंचीच्या माणसाचं वजन सव्वासत्तर किलोच्या वर गेलं की तो अपात्र. पाच फुटांच्या बाईला मर्यादा ५८ किलोची. दुकानात दिवसभर बसून असणाऱ्या, संध्याकाळी भजी-चहा घेणाऱ्या आपल्या मध्यमवयीन माणसांपैकी कितीजण यात बसतात? आणि हे वजन नाव लागल्यावर तीन आठवड्यांत उतरत नाही. घाईनं उपाशी राहून उतरवलं तर ट्रेडमिलवर दम टिकत नाही. ज्याला खरोखर जायचं आहे त्यानं आदल्या दिवाळीपासून चालायला लागावं. आपल्याकडं चढायला मोठे डोंगर नाहीत हे खरं. पण वडवळ नागनाथचं संजीवनी बेट आहे. पाठीवर आठ-दहा किलोची पिशवी घेऊन ते रोज चार वेळा चढलं-उतरलं तर गुडघ्यांना आणि छातीला जे वळण लागतं ते सपाट रस्त्यावर चालून लागत नाही.

'आता तर गाडी जाते, चालायचं कुठं असतं?' हे अर्धसत्य आहे. लिपुलेखच्या वाटेनं पूर्वी सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास चालावं लागे. धारचुलापासून लिपुलेखकडं जाणाऱ्या रस्त्याचं मे २०२० मध्ये उद्घाटन झालं आणि ती पायपीट खूपच कमी झाली. नाथुलाची वाट २०१५ मध्ये सुरू झाली ती मुळातच गाडीची. पण दोन्ही वाटांनी तिबेटात गेल्यावर कैलासाची परिक्रमा उरतेच. साधारण ५२ किलोमीटर, तीन दिवस. दुसऱ्या दिवशी डोल्मा खिंड ओलांडायची, तिची उंची ५,६३० मीटर. लातूर जिल्ह्याचं पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपण जगतो त्याच्या नऊपट उंच. वाटेत घोडा आणि सामान उचलणारा माणूस मिळतो, त्याचे पैसे वेगळे. उतारावर मात्र घोड्यावरूनही उतरावं लागतं.

त्या उंचीवर नेमकं काय होतं, याबद्दल सुशिक्षितांतही घोटाळा आहे. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं सगळे म्हणतात. प्रमाण तेवढंच राहतं, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, म्हणून एका श्वासात छातीत ऑक्सिजनही निम्माच येतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. म्हणून ही यात्रा वीस-बावीस दिवसांची असते आणि वाटेत विनाकारण वाटणारे मुक्काम असतात. 'दोन दिवस फुकट गेले' अशी तक्रार करू नये, ते दोन दिवसच माणसाला पुढं जिवंत ठेवतात.

मग कापूर. यात्रेला निघालेल्या प्रत्येकाच्या खिशात कुणीतरी कापराची पुरचुंडी घालतंच, वर गेल्यावर हुंगत राहा म्हणजे ऑक्सिजन मिळतो म्हणून. कापूर हुंगल्यावर नाकात गार वाटतं आणि श्वास मोकळा झाल्यासारखा भास होतो. रक्तातला ऑक्सिजन त्यानं तसूभरही वाढत नाही. देवापुढं लावायला कापूर जरूर न्या. पण डोकं सतत दुखणं, उलट्या, बसल्या जागी धाप, खोकला, चालताना तोल जाणं, यातलं काही दिसलं तर कापूर काढून बसू नका. संपर्क अधिकाऱ्याला आणि डॉक्टरला सांगा. त्यावर खात्रीचा उपाय खाली उतरणं हाच आहे. तरुण आहे, पैलवान आहे, रोज दहा किलोमीटर पळतो म्हणून त्रास होणार नाही, हेही खरं नाही. हा त्रास धडधाकट माणसालाही होतो आणि पुष्कळदा त्यालाच आधी होतो, कारण तो जोरात चालतो. गोळ्या असतात, पण त्या घ्यायच्या की नाही हे आपल्या डॉक्टरनं ठरवायचं, शेजारच्या यात्रेकरूनं नव्हे.

खर्चाबद्दल थोडक्यात. सरकार नेतं म्हणजे फुकट, असं नाही. २०२५ मध्ये लिपुलेखच्या वाटेला माणशी सुमारे १ लाख ७४ हजार आणि नाथुलाच्या वाटेला सुमारे २ लाख ८३ हजार रुपये खर्च सांगितला होता. केंद्र सरकार यात्रेकरूला अनुदान देत नाही. उत्तर प्रदेशासारखी काही राज्यं आपल्या रहिवाशांना रक्कम देतात, त्यावरून सगळ्यांनाच मिळते असा समज पसरला आहे. नाव लागल्यावर जागा पक्की करण्यासाठी भरलेली रक्कम परत मिळत नाही. ज्याला खात्री नाही त्यानं हे आधीच घरात बोलून घ्यावं.

घरात बोलायची आणखी एक गोष्ट आहे. निघण्यापूर्वी यात्रेकरूकडून तीन कागद घेतले जातात. एक शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचं हमीपत्र. दुसरं, गरज पडली तर हेलिकॉप्टरनं हलवण्याच्या खर्चाची हमी. तिसरं, सीमेपलीकडं मृत्यू आला तर तिथंच अंत्यसंस्कार करायला संमती. हा तिसरा कागद वाचताना घरच्यांचा हात थबकतो, आणि तसं होणं स्वाभाविक आहे. पण तो अशुभ मानून यात्रेकरूनं घरच्यांपासून लपवू नये. ऑगस्ट १९९८ मध्ये लिपुलेखच्या वाटेवर मालपा इथं दरड कोसळली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. नृत्यांगना प्रतिमा बेदी आणि कैलासाच्या यात्रेकरूंची एक तुकडी त्यात होती. सुविधा पुष्कळ सुधारल्या, हिमालय तोच आहे.

नावांची गल्लतही खूप होते. कैलासावर चढायचं नसतं. ६,६३८ मीटरचं ते शिखर आजवर कुणीच चढलेलं नाही, प्रदक्षिणाच घालतात. आदिकैलास वेगळा, तो उत्तराखंडात पिथोरागड जिल्ह्यात, भारतातच. त्याला पासपोर्टही लागत नाही आणि सोडतही नाही, सीमाभागाचा परवाना लागतो. अमरनाथलाही सोडत नाही. आरोग्य प्रमाणपत्र देऊन नोंदणी करायची असते आणि दिवसाचा कोटा ठरलेला असतो. कैलास-मानसरोवरला सोडत का, तर तुकड्याच मोजक्या. २०२५ मध्ये लिपुलेखहून ५० जणांच्या पाच आणि नाथुलाहून दहा. चीननं मान्य केलेली संख्या आणि मुक्कामांची सोय यापलीकडं माणसं नेता येत नाहीत.

नाव लागलं नाही तर नेपाळमार्गे खासगी कंपन्या नेतात, त्याला सोडत नाही. ती वाट वाईट आहे असं मी म्हणणार नाही, पण तिथं भारत सरकार आयोजक नसतं आणि दिवस वाचवण्याच्या नादात उंची फार लवकर गाठली जाते. जुलै २०१८ मध्ये खराब हवामानामुळं नेपाळातल्या सिमिकोट, हिल्सा इथं आणि तिबेटच्या बाजूला दीड हजारांहून अधिक भारतीय यात्रेकरू अडकून पडले होते. त्या वाटेनं जाणाऱ्यानं स्वस्त दरापेक्षा कार्यक्रमात जादा मुक्काम किती आहेत ते आधी विचारावं.

अर्ज केएमवाय डॉट जीओव्ही डॉट इन या मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच भरायचा आणि तो भरायला शुल्क नाही. ई-सेवा केंद्रात मदत घेतलीत तर टंकलेखनाचे काय ते पैसे द्या, पण 'नाव लावून देतो' म्हणून कुणी हजारो रुपये मागितले तर एक पैसाही देऊ नका. ईमेल आणि मोबाइल क्रमांक स्वतःचा द्या, केंद्रवाल्याचा नको, कारण निवडीचा निरोप त्यावरच येतो. आणि या आठवड्यात दोन कामं करा: कपाटातला पासपोर्ट काढून त्याची मुदत बघा, आणि दवाखान्यात जाऊन वजन-उंची मोजून घ्या.