शहराचंही दिवाळं निघतं!

महिन्याची पंचवीस तारीख उलटली, की आपल्यापैकी बहुतेकींच्या मनात एक गणित सुरू होतं. गॅस मध्येच संपला तर? अचानक पाहुणे आले तर? मग वाण्याकडे चार दिवस उधारी, नाहीतर शेजारणीकडून हातउसने. पहिल्या तारखेला ते फेडले, की जीव भांड्यात पडतो. पण ते फेडायला दुसरीकडून उसने घेतले आणि दुसरीचे फेडायला तिसरीकडून, तर? त्या घराचं पुढे काय होतं, हे मी तुम्हांला सांगायला नको.

पण असं एखाद्या अख्ख्या शहराचं होऊ शकतं का? "सरकारला कसली आलीय चणचण? लागले तर नोटा छापतील!" असं आपण सहज म्हणून जातो. मैत्रिणींनो, नोटा छापण्याची सोय फक्त देशपातळीवर असते. शहराला ती नाही आणि राज्यालाही नाही. त्यांना तुमच्या-माझ्यासारखंच हाती येईल त्यात भागवावं लागतं. नाहीतर कर्ज काढावं लागतं.

न्यूयॉर्कचंच उदाहरण घ्या. एवढं श्रीमंत शहर, पण १९७५ साली त्याची तिजोरी रिकामी झाली. बरीच वर्षं खर्च मिळकतीपेक्षा जास्त होत होता. सुखवस्तू कुटुंबं आणि कारखाने शहराबाहेर जात होते, कर घटत होता. पण खर्चाला आळा घालायचा वाईटपणा कोण घेणार? मग थोड्या मुदतीची कर्जं काढायची, मुदत संपली की ती फेडायला नवी कर्जं काढायची, असा क्रम सुरू झाला. इमारती बांधण्यासाठी काढलेल्या कर्जातून रोजचा खर्च भागवला गेला. जो कर कधीच वसूल होणार नव्हता, तोही 'येणं' म्हणून वहीत मांडला गेला. म्हणजे बुडालेल्या भिशीचे पैसे धरून दिवाळीची खरेदी करावी, तसंच हे!

१९७५ च्या वसंतात बँकांनी हात आखडता घेतला आणि सोंग संपलं. हजारो पोलीस, सफाई कामगार आणि शिक्षक यांना कामावरून कमी करण्यात आलं. जुलैत सफाई कामगारांनी संप केला, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. भुयारी रेल्वेचं तिकीट ३५ सेंटांवरून ५० सेंटांवर गेलं.

१७ ऑक्टोबरचा दिवस तर कसोटीचा होता. त्या दिवशी ४५ कोटी डॉलरहून अधिक देणं फेडायचं होतं आणि पैसे पुरत नव्हते. दिवाळखोरीचे कागदसुद्धा तयार झाले होते. शेवटी पैसे आले कुठून? शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीतून! त्यांच्या संघटनेचे पुढारी अल्बर्ट शँकर यांनी आधी नकार दिला होता. पण शहर बुडालं तर पगार आणि पेन्शन दोन्ही धोक्यात, हे ओळखून दुपारी होकार आला. निधीने शहरासाठी १५ कोटी डॉलरचे रोखे घेतले. मी स्वतः अर्धवेळ शिकवते, त्यामुळे हे वाचताना माझ्या पोटात गोळाच आला. ज्यांचे सहकारी नुकतेच घरी बसले होते, त्यांचीच म्हातारपणाची पुंजी पणाला लागली होती.

केंद्र सरकारने सुरुवातीला हात झटकले. डिसेंबरात मात्र कर्ज दिलं आणि ते पुढे व्याजासकट फेडलं गेलं. शहर सावरलं, पण किंमत मोजून. शहराच्या विद्यापीठातलं शिक्षण १८४७ पासून मोफत होतं. १९७६ पासून तिथे फी सुरू झाली. ती भरण्याची वेळ गरिबांच्या मुलामुलींवर आली.

डेट्रॉइटला तर सावरायलाही वेळ मिळाला नाही. मोटारींच्या या शहरात १९५० साली साडेअठरा लाख माणसं होती, ती पुढे सात लाखांच्या आसपास उरली. कर देणारे गेले, पण तेवढेच लांब रस्ते आणि जुनी देणी मागे राहिली. जुलै २०१३ मध्ये सुमारे १,८०० कोटी डॉलरची देणी डोक्यावर घेऊन शहर न्यायालयात गेलं. तोवर रस्त्यावरचे जवळजवळ ४० टक्के दिवे बंद पडले होते. निकालात शहराच्या बहुतेक निवृत्त कर्मचाऱ्यांचं मूळ पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापलं गेलं आणि महागाईबरोबर होणारी वाढही बंद झाली. जन्मभर नोकरी केलेल्यांचा यात काय दोष होता?

आणि राज्यांचं? अमेरिकेत राज्याला कायद्याने दिवाळखोरी जाहीरच करता येत नाही. मग ते बिलं थकवतं. इलिनॉय राज्यात २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं पूर्ण अंदाजपत्रकच संमत झालं नव्हतं. वृद्धांची, अपंगांची सेवा करणाऱ्या संस्थांचे पैसे अडकून राहिले. मोठ्या घरच्यांनी मोलकरणीचा पगार थकवावा, तसंच झालं हे.

म्हणजे कर्ज वाईटच का? मुळीच नाही. आपणही घरासाठी कर्ज काढतोच की! पुणे महापालिकेने २०१७ साली पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले. नळयोजना पुढे कितीतरी वर्षं उपयोगी पडते, तिचे हप्ते पुढची वर्षं भरणं रास्तच. पण आज खाऊन संपणाऱ्या जेवणासाठी दहा वर्षांचं कर्ज काढलं, तर ते मुलांच्या ताटातून वजा होतं.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमधल्या निम्म्या जागा आता आपल्यासाठी राखीव आहेत. तेव्हा घरपट्टी भरून पावती ड्रॉवरमध्ये टाकलीत, की काम संपलं असं समजू नका. पालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी मांडलं जातं. हळदीकुंकवाला तुमच्या प्रभागातली नगरसेविका आली, तर तिला तीन प्रश्न जरूर विचारा: यंदा कर्ज किती काढलं? ते कशासाठी काढलं? आणि ते फेडणार कशातून?

घरात हेच प्रश्न आपण रोज विचारतो. तेच गावालाही विचारायला काय हरकत आहे?